चिनी कवयित्री वाचायला घेताय? मग सुरुवात इथून करा

चिनी कवयित्रींचं एखादं जाडजूड संकलन हाती घेतलं की पहिल्या चाळीस पानांत काय होतं, ते आधीच सांगते. चंद्र येतो. माडी येते. माडीवरच्या खिडकीत एक बाई येते, तिचा नवरा लांब गेलेला असतो, तिच्या बाह्या आसवांनी भिजलेल्या असतात. मग पुन्हा चंद्र. एकेचाळिसाव्या पानावर आपण पुस्तक उपडं ठेवून चहा टाकायला उठतो आणि ते महिनाभर तसंच पडून राहतं. माझं असं दोनदा झालं.

चूक त्या बायकांची नव्हती, माझ्या वाचण्याच्या क्रमाची होती. अडीच हजार वर्षं मी पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटले होते. मला चिनी येत नाही. काही अक्षरं ओळखता येतात इतकंच, बाकी सगळा कारभार इंग्रजी अनुवादांवर. तुमचंही तसंच असेल तर पुढचा क्रम करून पाहा. यात दोनच प्रश्न सारखे सोबत ठेवायचे आहेत: या कवितेत बोलतंय कोण, आणि हिचा कागद आपल्यापर्यंत पोचला कसा?

पायरी १: नावं नीट वाचायला शिका

हे आधी उरका, कारण नाव तोंडात बसलं नाही तर माणूस लक्षात राहत नाही. चिनी नावांच्या आजच्या रोमन स्पेलिंगमध्ये क्यू म्हणजे 'छ', एक्स म्हणजे 'श', नुसता सी म्हणजे 'त्स', आणि झेड-एच म्हणजे 'झ' नव्हे, 'च'च्या जवळचा उच्चार. म्हणजे जिला आपण घाईत 'किंगझाओ' म्हणतो ती 'छिंगचाओ'. यात मराठी माणसाची एक चैन आहे. त-थ, प-फ, च-छ हा फरक चिनीत अर्थ बदलतो, आणि तो आपल्या जिभेवर लहानपणापासून बसलेला आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी घाम गाळावा लागतो. ('बीजिंग'मधला ब आणि ज सुद्धा खरं तर वेगळाच, पण ती सवय मोडायचा हट्ट मी धरत नाही.)

आडनाव आधी, नाव नंतर. आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत वेड-जाइल्स नावाची वेगळीच स्पेलिंग-पद्धत असते, त्यामुळे एकच कवयित्री दोन पुस्तकांत दोन बायका वाटू शकते. शंका आली की जन्मसाल ताडून पाहा.

पायरी २: एकच कविता घ्या आणि ती दोनदा वाचा

ली छिंगचाओ. जन्म १०८४, शांडोंग प्रांतातल्या आजच्या जीनानजवळ. मृत्यू ११५५च्या सुमारास. सोंग राजवटीतली. चीनची सगळ्यात मोठी कवयित्री कोण, असं विचारलं तर बहुतेक चिनी माणसं हिचंच नाव घेतील. बुध ग्रहावरच्या एका विवरालाही तिचं नाव दिलेलं आहे.

तिची ३३ अक्षरांची एक कविता आहे. मी केलेलं हे कामचलाऊ मराठी:

काल रात्री पाऊस विरळ, वारा मात्र सुसाट.
गाढ झोपूनही उतरली नाही कालची दारू.
पडदा गुंडाळणारीला विचारलं,
तर म्हणे, हायतांग आहे तसंच आहे.
अगं, कळतंय का, कळतंय का?
हिरवं धष्टपुष्ट झालं असणार, लाल रोडावलं असणार.

हायतांग हे सफरचंदाच्या कुळातलं फुलझाड. फुलं गळली, पानं तरारली, एवढीच बातमी. पण 'हिरवं धष्टपुष्ट, लाल रोड' असं ऋतूला माणसाच्या अंगाचं माप लावून बोलणं हे तिचं. या चार अक्षरांवर चिनी रसिक आठशे-नऊशे वर्षं जीव टाकताहेत.

आता अडचण बघा. मी 'गुंडाळणारीला' लिहिलं. मुळात नुसतं 'पडदा-गुंडाळणारं माणूस' आहे. बाई की पुरुष, काही नाही. बहुतेक वाचक ती दासी धरतात, पण तो नवराच आहे असं मानणारेही आहेत. एक प्रत्यय बदला आणि कविता पुन्हा वाचा: 'पडदा गुंडाळणाऱ्याला विचारलं, तर म्हणे... अरे, कळतंय का?' आधीच्या कवितेत एक मालकीण कामात लक्ष नसलेल्या पोरीला टोकत होती. आता एक बायको, जिला सकाळी अजून दारू चढलेली आहे, नवऱ्याला म्हणतेय की तुला बघताच येत नाही. झोपही वेगळी, खोलीही वेगळी.

चिनी क्रियापदाला लिंग नाही, काळ नाही, आणि जुन्या कवितेत 'मी' हा शब्दही बहुधा गाळलेला असतो. 'तो' आणि 'ती' दोघांचाही उच्चार 'ता'. लेखनात 'ती'साठी वेगळं अक्षर रुळलं ते १९२०च्या सुमारास, ल्यू बाननोंग या कवीच्या आग्रहामुळे. उलट मराठीत 'मी गेले' म्हटलं की पोल खुलते. या लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच नाही का तुम्हाला कळलं, लिहिणारी बाई आहे ते?

म्हणून ही पायरी सोडू नका. प्रत्येक कविता मोठ्यानं मराठीत सांगून बघा, एकदा 'गेले' म्हणून, एकदा 'गेलो' म्हणून. इंग्रजी अनुवाद हा प्रश्न गुपचूप झाकतो. मराठी तो उघड्यावर आणते आणि उत्तर मागते.

पायरी ३: बाईचा आवाज म्हणजे बाई नव्हे

त्या चाळीस पानांतल्या रडणाऱ्या बायकांचं रहस्य इथं आहे. 'अंतःपुरातली व्यथा' हा चिनी कवितेतला एक ठरलेला घाट आहे आणि तो शतकानुशतकं पुरुषांनी हौसेनं लिहिला. नवऱ्यानं टाकलेली बायको म्हणजे राजानं दुर्लक्षिलेला अधिकारी, असं समीकरणच होतं. बढती हुकलेला माणूस बाईच्या तोंडून रडे, आणि वाचणाऱ्याला बरोबर कळे. आपल्याला हे नवखं नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी बोलते, एकनाथांच्या गौळणींत गोपी बोलतात, म्हणून त्यांतून तेराव्या किंवा सोळाव्या शतकातल्या बाईची दिनचर्या कुणी काढायला जात नाही.

तेव्हा जुनी कविता हाती आली की आधी नाव बघा. नाव नसेल तर आणखी सावध. 'शिजिंग' या ३०५ कवितांच्या सर्वांत जुन्या संग्रहात एक टाकलेली बायको बोलते. कापड घेऊन सुताशी अदलाबदल करायला एक हसतमुख माणूस आला होता. त्याला सूत नको होतं, मी हवी होते, असं ती सांगते. मग लग्न, तीन वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणं, त्याचं बदलणं, आणि माहेरी परतल्यावर भावांचं हसणं. तुतीची पानं झाडावर असताना तुकतुकीत असतात, पिवळी पडली की गळतात. कबुतरा, तुती खाऊ नकोस. पोरी, पुरुषात गुंतू नकोस. पुरुष गुंतला तर त्याला निस्तरता येतं, बाईला येत नाही. ही कविता कुणी रचली, कुणालाच माहीत नाही. मला ती बाईचीच वाटते, सुताच्या सौद्याचा तपशील इतका घरचा आहे म्हणून. पण हा पुरावा नव्हे, माझा कल.

मूलानची लोककथा सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ पोवाड्याचा शेवट मात्र वाचाच. म्हाताऱ्या बापाऐवजी बारा वर्षं लढून ती घरी येते, जुने कपडे घालते, आरशासमोर केस सारखे करते, आणि सोबतचे सैनिक थक्क होतात. मग एकदम ससे येतात: नराचे पाय झाडतात, मादीचे डोळे मिचमिचतात, पण दोघं जमिनीला लागून धावत सुटले की कोण नर नि कोण मादी, कसं सांगाल?

पायरी ४: पाच वस्तूंची पुरचुंडी

टिपांच्या जंगलात न शिरता एवढ्या वस्तू ओळखू आल्या तरी निम्मी कविता उघडते.

रेशीम. पुरुषानं नांगरायचं, बाईनं विणायचं, ही चिनी संसाराची जुनी वाटणी. त्यात 'रेशीमधागा' आणि 'आठवण, ओढ' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'स'च्या जवळ जाणारा, जवळपास एकच. बाई कोशातून धागा काढतेय असं लिहिलं की ती कुणाची तरी आठवण काढतेय.

कमळ. याचा उच्चार 'ल्यान', आणि माया-जिव्हाळ्याचा शब्दही 'ल्यान'. चौथ्या-पाचव्या शतकातली दक्षिणेकडची गाणी या कोट्यांवर उभी आहेत.

विलो. उच्चार 'ल्यू', म्हणजे 'थांब'सुद्धा. निरोप देताना फांदी मोडून हातात द्यायची.

कापड धोपटण्याचा आवाज. शरदात रात्री बायका दगडावर कापड अंथरून लाकडी दांड्यानं बडवत, ते मऊ पडावं आणि सीमेवर असलेल्या नवऱ्याचे थंडीचे कपडे त्यातून शिवावेत म्हणून. कवितेत हा ठोका ऐकू आला की युद्ध चालू आहे असं समजा.

रानहंस. हे पत्र आणतात असा समज. शिवाय उडताना त्यांची रांग 'माणूस' या चिनी अक्षरासारखी दिसते.

आता ली छिंगचाओच्या या ओळी वाचा: 'ढगांतून कुणी धाडलंय का जरीचं पत्र? हंसांची ओळ परतते तेव्हा चांदण्यानं भरलेली असते पश्चिमेची माडी.' जरीचं पत्र ही नुसती सजावट नाही. चौथ्या शतकात सू ह्वे नावाच्या बाईनं दूर गेलेल्या नवऱ्यासाठी रेशमावर २९ ओळी आणि २९ स्तंभांचा अक्षरांचा चौकोन विणला होता, अशी परंपरा सांगते. एकूण ८४१ अक्षरं. आडवा वाचा, उभा वाचा, उलटा वाचा, कविता निघत राहतात. तेव्हापासून 'जरीचं पत्र' म्हणजे बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं पत्र. ली छिंगचाओ त्या एका शब्दात सातशे वर्षांपूर्वीच्या एका विणकरणीला खोलीत बोलावते. याच कवितेचा शेवट मला मराठीत फार आवडतो: 'भुवयांवरून उतरलं न उतरलं, तोच काळजात चढलं.' इथं अनुवादकाला काही करावंच लागत नाही.

पायरी ५: चरित्र वाचा, पण कवितेवर चिकटवू नका

ली छिंगचाओनं स्वतःविषयी गद्यात लिहून ठेवलंय, ही आपली मोठी सोय. नवरा चाओ मिंगछंग शिलालेखांचा आणि जुन्या भांड्यांचा वेडा संग्राहक. त्याच्या ग्रंथाला तिनं त्याच्या मागे एक उपसंहार जोडला. कवितांच्या आधी तो वाचा, असं मी सांगेन.

लग्न ११०१ सालचं. नवरा तेव्हा राजधानीत शिकत होता. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सुट्टी मिळाली की तो कपडे गहाण टाकायचा, पाचशे नाणी घ्यायचा, श्यांगग्वो मंदिराच्या बाजारात जाऊन शिलालेखांचे ठसे आणि थोडी फळं आणायचा. मग दोघं समोरासमोर बसून फळं खात खात ठसे वाचायचे. पुढं गावी राहायला गेल्यावर जेवणानंतर चहा उकळला की खेळ सुरू. एकानं एखादी गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं ती कुठल्या ग्रंथात, कितव्या खंडात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत आहे ते सांगायचं. बरोबर आलं तर चहा आधी प्यायचा मान. तिची स्मरणशक्ती जबरदस्त. ती जिंकायची, पेला उचलायची आणि हसता हसता चहा मांडीवर सांडायची. म्हणजे जिंकून प्यायला काही मिळायचंच नाही.

११२७मध्ये ईशान्येकडून आलेल्या जुरचेन लोकांच्या फौजांनी उत्तर चीन घेतला. पंधरा गाड्या पुस्तकं घेऊन कुटुंब दक्षिणेला पळालं. मागं ठेवलेल्या संग्रहाच्या दहाबारा खोल्या जळाल्या. ११२९मध्ये नवरा कामगिरीवर निघताना तिनं विचारलं, शत्रू आला तर मी काय करू? त्यानं क्रम सांगितला: आधी जड सामान टाक, मग कपडे, मग पुस्तकं नि गुंडाळ्या, मग जुनी भांडी. पण पूर्वजांच्या पूजेची पात्रं स्वतः उचलून ने, जगलीस तर त्यांच्यासकट, मेलीस तर त्यांच्यासकट. त्याच वर्षी तो आजारानं गेला. ही आज्ञा बाईच्या जागेबद्दल कितीतरी सांगते, आणि ती आपल्यापर्यंत पोचवलीय त्या बाईनंच, शांतपणे, एक शब्दही तक्रारीचा न लिहिता.

११३२मध्ये तिनं दुसरं लग्न केलं. माणूस वाईट निघाला. शंभरएक दिवसांत तिनं त्याच्यावर सरकारी पद लबाडीनं मिळवल्याचा आरोप केला, तो सिद्ध झाला आणि ती सुटली. पण बायकोनं नवऱ्यावर फिर्याद केली तर फिर्याद खरी असली तरी तिला दोन वर्षं कैद, असा कायदा होता. ओळखीच्या बड्या माणसाच्या मध्यस्थीनं ती नऊ दिवसांत बाहेर आली. गंमत पुढं आहे. नंतरच्या काळातल्या पंडितांना हे पुनर्विवाह प्रकरण पचेना, तेव्हा ते शत्रूंनी रचलेलं बालंट आहे असं सिद्ध करायला त्यांनी पानंच्या पानं खर्ची घातली. त्यांना एकनिष्ठ विधवा हवी होती.

आता खबरदारी. तिची 'दुःखी' कविता नवऱ्याच्या मृत्यूनंतरची आणि 'सुखी' कविता आधीची, असं सरळ वाटप करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ते बहुतेक वेळा अंदाज असतात. ती लिहायची तो 'त्स' हा प्रकार म्हणजे ठरलेल्या चालीवर बांधलेली गाणी. त्यात पात्राचा आवाज घ्यायची रीतच होती. शिवाय लोकप्रियतेमुळे तिच्या नावावर कविता वाढतही गेल्या. पुरुषाची कविता असली की आपण तिला कल्पना म्हणतो आणि बाईची असली की रोजनिशी. ही सवय एकदा स्वतःत पकडा, मग मजा येते.

रोनाल्ड ईगन या अभ्यासकानं केलेला तिच्या समग्र लेखनाचा २०१९चा इंग्रजी अनुवाद मूळ चिनीसकट इंटरनेटवर मोफत वाचता येतो. सुरुवात त्यावरच करा. अमेरिकन कवी केनेथ रेक्सरॉथचे अनुवाद इंग्रजी कविता म्हणून देखणे आहेत, पण त्यात रेक्सरॉथच जास्त ऐकू येतो.

पायरी ६: कागदाचा माग काढा

कुठलीही कवयित्री आवडली की विचारा, हिची वही टिकली कशी?

थांग काळातली (सातवं ते दहावं शतक) श्वे थाओ चेंगदू शहरात राहायची. सरकारी गणिकांच्या यादीत नाव. छोट्या कवितेला मोठा ताव कशाला, म्हणून तिनं लहान आकाराचा लालसर रंगवलेला कागदच तयार केला. तो 'श्वे थाओ कागद' म्हणून प्रसिद्ध झाला. कविता पुष्कळ हरवल्या, नव्वदेक उरल्या, कागदाचं नाव मात्र टिकलं. त्याच थांग काळातली यू श्वेनजी एका मंदिराच्या माडीवरून सरकारी परीक्षेत पास झालेल्यांची नवी यादी पाहते आणि लिहिते: या रेशमी झग्याखाली माझ्या ओळी झाकल्या जातात याची चीड येते, मान वर करून यादीतल्या नावांचा नुसता हेवा करायचा. बायकांना त्या परीक्षेला बसताच येत नव्हतं, १९०५मध्ये परीक्षाच बंद झाल्या तोवर.

चू शूचनची गोष्ट आणखी कडू. तिच्या मृत्यूनंतर आईबापांनी तिच्या कविता जाळल्या, शंभरातली एकही उरली नाही, असं ११८२ साली तिचा संग्रह जमवणाऱ्यानं प्रस्तावनेत लिहिलंय. त्याला त्या सापडल्या कुठं? हांगचौच्या खाणावळींत. मुक्कामाला उतरलेली माणसं त्या म्हणत होती.

'बाईला विद्या नसणं हाच तिचा गुण' ही म्हण मिंग काळाच्या उत्तरार्धात (सोळावं-सतरावं शतक) सगळीकडे पसरलेली, आणि नेमक्या त्याच काळापासून लिहिणाऱ्या बायकांची संख्या फुगते. हू वनखाय या संशोधकानं १९५७मध्ये छापलेल्या सूचीत चार हजारांहून जास्त स्त्रियांची नोंद आहे, त्यातल्या बहुसंख्य शेवटच्या छिंग राजवटीतल्या. मॅकगिल विद्यापीठानं अशा कित्येक पुस्तकांची पानं ऑनलाइन ठेवलीत. वाचता आली नाहीत तरी चाळा. प्रस्तावना पुष्कळदा नवऱ्याची, भावाची किंवा मुलाची असते. छापायचे पैसे ज्याचे, बाईची प्रतिमाही त्यानं ठरवलेली.

आणि मग न्यूशू. हूनान प्रांतातल्या ज्यांगयुंग भागात बायकांनी स्वतःपुरती वापरलेली लिपी. तिरक्या, बारीक, डासाच्या पायांसारख्या रेघा. एक चिन्ह म्हणजे स्थानिक बोलीतला एक उच्चार. मुली एकमेकींशी बहिणीचं नातं जोडत आणि त्यातल्या एकीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी कापडी बांधणीची एक वही जाई. तिचं नावच 'तिसऱ्या दिवसाचं पुस्तक'. पहिल्या काही पानांवर सात-सात अक्षरांच्या ओळींत तिच्या जाण्याचं दुःख. उरलेली पानं कोरी, तिला स्वतःला लिहायला. पानांच्या मधे भरतकामाचे नमुने आणि रंगीत दोरे. म्हातारी वारली की वही तिच्याबरोबर जाळत किंवा पुरत, म्हणून जुन्या वह्या अगदी थोड्या. सांस्कृतिक क्रांतीत आणखी गेल्या. लहानपणापासून ही लिपी वापरत आलेल्यांतली शेवटची समजली जाणारी यांग ह्वानयी २००४मध्ये वारली. २०१७मध्ये न्यूशू युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत, आली.

इथं जात्यावरच्या ओव्या आठवणं साहजिक आहे. माझी आजी 'पहिली माझी ओवी' म्हणताना माहेरावर थांबायची, तेच हे. फरक एवढाच की आजीच्या ओवीला कागद लागत नव्हता, आणि ज्यांगयुंगच्या बायकांचा कागद पुरुषांना वाचता येत नव्हता.

पायरी ७: विसाव्या शतकात उडी मारा, आणि मग मागं या

मधलं सगळं संपवायची वाट पाहू नका. छ्यू जिन वाचा. रिवाजाप्रमाणे लहानपणी पाय आवळून बांधलेले, लग्न लावून दिलेलं, दोन मुलं. १९०४मध्ये दागिने विकून ती एकटी जपानला शिकायला गेली. परत येऊन शांघायमधून बायकांसाठी नियतकालिक काढलं, उठावाच्या कटात सापडली आणि १५ जुलै १९०७ रोजी शाओशिंगमध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिच्या एका कवितेत 'पुरुषांच्या रांगेत मला जागा नाही, काळीज मात्र पुरुषांहून जहाल' असं येतं. 'रांग' आणि 'जहाल' दोन्ही शब्द 'ल्ये'. तीच जुनी उच्चारांची कोटी, पण कमळाऐवजी आता तलवार.

टागोरांमुळे एक धागा भारताशी जुळतो. बिंग शिन या कवयित्रीच्या १९२३च्या छोट्या छोट्या कविता टागोरांच्या प्रभावातून आल्या. पुढं 'गीतांजली' चिनीत तिनंच नेली. आणि टागोर चीनमध्ये असताना, ८ मे १९२४ रोजी त्यांच्या वाढदिवसाला बीजिंगमध्ये त्यांच्याच 'चित्रा' नाटकाचा प्रयोग झाला, त्यात पुरुषासारखी वाढवलेली मणिपूरची राजकन्या साकारली लिन ह्वेयिननं. ती नंतर वास्तुरचनाकारही झाली, कवीही.

शू थिंगची 'ओकच्या झाडाला' ही १९७७ची कविता मराठी वाचकाला मी नेहमी पहिल्यांदा देते. प्रियकर ओकचा वृक्ष. मी त्याच्यावर चढणारी वेल होणार नाही, सावलीसाठी गाणारा पक्षी होणार नाही. शेजारी उभं असलेलं झाड होईन, मुळं जमिनीखाली भिडलेली. आणि कुठलं झाड? इंग्रजीत 'कापोक' वाचून डोळ्यांपुढं काही येत नाही. ते झाड म्हणजे आपली काटेसावर. फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर जाड लाल फुलं पेटलेली असतात ना, तीच तिला जड उसाश्यासारखी आणि मशालीसारखी दिसतात. ओकचं पाहावं लागेल, सावरीचं काही सांगावं लागत नाही.

चाय युंगमिंगची १९८४ची 'स्त्री' ही मालिका मात्र लगेच घेऊ नका. अंधारी, दाट, अनुवादात निसटणारी आहे. आधी चंग श्याओछ्युंग घ्या. सिचुआनची ही मुलगी २००१मध्ये दक्षिणेतल्या दोंगग्वानला आली आणि लोखंडी सुट्या भागांच्या कारखान्यात लागली. तिच्या कवितेत लोखंड, कंत्राट, कामाची पाळी, शहरात राहण्याचा तात्पुरता परवाना येतात. नंतरच्या एका पुस्तकात तिनं एकेका कामगार स्त्रीवर एकेक कविता लिहिली, कारखान्यात जिला फक्त नंबर होता तिला नाव देऊन. आणि यू श्यूह्वा, १९७६ची, हुबेईच्या खेड्यातली, जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेली. तिच्या एका कवितेत ती म्हणते की तुला पुस्तक पाठवायचं तर कवितांचं नाही, पिकांचं पाठवीन. भाताचं रोप आणि भातासारखंच दिसणारं तण यांत फरक काय ते सांगणारं. आणि त्या तणाचा धास्तावलेला वसंत कसा असतो ते. भातखाचरात बेणणी केलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगायला गेलात तर तो हसेल.

पायरी ८: वही घाला

आठवड्याला एकच कविता. डाव्या पानावर दोन वेगवेगळे अनुवाद उतरवा, उजव्या पानावर स्वतःचं मराठी. खाली दोन ओळी: बोलतंय कोण, कागद कुणी जपला. चांगलं मराठी होणार नाही, त्याची फिकीर नको. जिथं अडाल तिथंच कविता असते.

सरावासाठी ली छिंगचाओच्या सगळ्यात अवघड समजल्या जाणाऱ्या कवितेची सुरुवात घ्या. एकाच अक्षराच्या सात जोड्या, चौदा अक्षरं, दुसरं काही नाही: शोधणं, धुंडाळणं, गारवा, रितेपणा, आणि मग दुःखाच्या तीन छटा, एकीपेक्षा एक कोंदट. इंग्रजी अनुवादक इथं हात टेकतात, कारण त्यांच्या भाषेत शब्द दोनदा म्हटला की तो चुकून आल्यासारखा वाटतो. आपल्याकडे 'शोधशोध', 'गारगार', 'सुनंसुनं' रोजच्या बोलण्यात आहे. माझ्या वहीत सध्या असं आहे: शोधशोध, चाचपचाचप, गारगार, सुनंसुनं, उदासउदास... सहावी जोडी अजून कोरी आहे. 'खिन्नखिन्न' लिहून दोनदा खोडलं.